पाठीला दोन भोकं असलेलं कपाट

माझ्या व्याह्यांचं नाव पोपट शेलार. नावावरून काही समजूत करून घेऊ नका. हा माणूस बोलायला सुरुवात करतो तेव्हा समोरच्याचा चहा पिऊन झालेला असतो. आमच्या सलिलचं लग्न त्यांच्या संचिताशी ठरलं, तेव्हा बैठकीतलं सगळं बोलणं त्यांच्या थोरल्या बहिणीनं आणि मी केलं. बहीण म्हणजे बायजाआक्का. संचिताची आई ती तीन वर्षांची असतानाच गेली. तिला वाढवलं ते ह्या आत्यानं. पोपटराव भिंतीला टेकून ऐकत होते. सगळं ठरलं, पेढा तोंडात गेला, आणि मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. तुमचं घर कितव्या मजल्यावर?

मी अभिमानानं सांगितलं, सातव्या. टिटवाळ्याला नवीन बिल्डिंग, गॅलरीतून काळू नदी दिसते, वारा तर असा की पंखा लावायची गरज नाही. त्यांनी मान हलवली आणि तोंड उतरलं. मला वाटलं, ह्यांना लिफ्टची भीती असेल. असतात एकेक माणसं.

मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते, माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. डोंबिवलीच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि पेडणेकर बाई आल्या म्हटलं की व्हरांड्यातला गोंगाट आपोआप थांबायचा. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यात माझी बाजू फारशी चांगली दिसणार नाही. पण झालं ते झालं.

पोपटरावांनी चाळीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपमध्ये लोखंडी कपाटं बनवली. अठराव्या वर्षी पाटण तालुक्यातून, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावातून ठाण्याला आले आणि पत्रा उचलायला लागले. मग पत्रा कापणं, वाकवणं, वेल्डिंग, दारं बसवणं, सगळं शिकले. दाराच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणे. आणि एक खोड होती. कपाट पूर्ण झालं की ते त्याच्या पाठीला, वरून चार बोटं सोडून, दोन भोकं पाडायचे. आतून त्याला जाड पट्टी जोडायचे, म्हणजे तिथून बोल्ट घालून कपाट भिंतीला पक्कं करता येईल.

ही भोकं कुणी मागितलेली नसत. गिऱ्हाईक परत यायचं. कपाटाला भोकं आहेत, झुरळं आत जातील, डिफेक्टिव्ह माल दिलात. मग मालक ह्यांच्यावर ओरडायचा. पोपटराव मूग गिळून गप्प बसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या कपाटाला परत दोन भोकं पाडायचे. शेवटी मालकानं हात टेकले. त्यानं भोकांना लावायला रबराची बुचं आणून दिली. हे मला नंतर संचितानं सांगितलं. तिचं म्हणणं, ठाणे जिल्ह्यात बाबांची हजारो कपाटं असतील, पण त्या भोकांतून बोल्ट गेलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

लग्नात आम्हाला काही नको, असं मी स्पष्ट सांगितलं होतं. पोपटराव म्हणाले, कपाट मी बनवलंय, तेवढं घ्यावं लागेल. रिटायर झालेला माणूस परत वर्कशॉपमध्ये जाऊन तीन आठवडे खपला होता. साडेसहा फूट उंच, आतून सगळं पॉलिश केलेलं, दार लावलं की मऊ टक् असा आवाज. मी इतकी कपाटं पाहिली, पण असं दार नाही पाहिलं. लिफ्टमध्ये मावेना म्हणून चौघांनी जिन्यानं सात मजले चढवून आणलं. पोपटराव मागून प्रत्येक वळणावर हात लावत आले.

आता माझी पहिली चूक. मी वास्तुशास्त्र वगैरे मानत नाही. पण माझ्या नणंदेनं फोन करून सांगितलं, कपाट नैऋत्य कोपऱ्यात आणि तोंड उत्तरेला, बाकी कुठे ठेवू नका. म्हटलं, ऐकायला काय जातंय. तो कोपरा बेडरूममध्ये नेमका पलंगाच्या उशाला येतो. तिथे ठेवलं. स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. कपाटाच्या डोक्यावर रुखवताचा पितळी हंडा, दोन कळशा आणि माझी जुनी जड सूटकेस चढवली. छान भरल्यासारखं दिसत होतं.

सत्यनारायणाच्या दिवशी हॉलमध्ये पाहुणे जेवत होते आणि नवरीचे वडील गायब. मी शोधत बेडरूममध्ये गेले, तर हे महाशय कापडी पिशवीतून ड्रिल मशीन काढून, बोटांच्या पेरांनी माझी भिंत ठोकून बघत उभे. पूजेच्या दिवशी. व्याह्याच्या घरी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते म्हणाले, विहीणबाई, दोनच बोल्ट मारतो. दहा मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, ह्या घरातल्या भिंतीला भोक पडणार नाही.

आता ह्याचं कारणही ऐका, म्हणजे मी अगदीच खाष्ट आहे असं वाटणार नाही. हे घर आमच्या ह्यांनी बुक केलं होतं. बिल्डिंग चढत होती आणि ह्यांचं आजारपण वाढत होतं. शेवटी शेवटी अंथरुणावर पडून रंगांचं कार्ड बघायचे. बेडरूमला फिका पिस्ता रंग त्यांनी निवडला. ताबा मिळाला तेव्हा ते नव्हते. त्या भिंतींना मी साधा खिळा ठोकू दिला नव्हता. ह्यांचा फोटोसुद्धा टेबलावर, भिंतीला टेकवून ठेवलेला. सहा वर्षं.

पण हे मी पोपटरावांना सांगितलं नाही. तेवढा चांगुलपणा त्या क्षणी माझ्यात नव्हता. मी फक्त नाही म्हटलं आणि त्यांनी ड्रिल पिशवीत ठेवलं. वाद घातला नाही. निघताना दारात थांबले आणि इतकंच म्हणाले की निदान पलंगाची बाजू बदला. मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे नाही, हे त्यांनाही कळलं.

लेकीच्या सासरी बापाचा आवाज किती निघणार? आपल्याकडे मुलीच्या बापानं मान खाली घालून उभं राहायचं, हे आपण कितीही शिकलो तरी जात नाही. माझ्या डोक्यातही ते होतंच. मुलाची आई म्हणून मला अधिकार आहे, असं कुठेतरी वाटत होतं. लाज वाटते आता सांगायला.

नंतर चार-पाच महिने बरे गेले. संचिता गुणाची मुलगी. कल्याणला एका ऑफिसात जाते, येताना भाजी आणते, माझं बोलणं एका कानानं ऐकते आणि दुसऱ्यानं सोडून देते, म्हणून आमचं जमतं. मग तिला दिवस गेले. घरात आनंदीआनंद.

पाचवा महिना असेल. एकदा मी बघते तर ही बाई कपाटासमोर जमिनीवर बसून, वाकून, खालच्या कप्प्यातून साडी ओढून काढतेय. मी म्हटलं, अगं, वरचे कप्पे काय शोभेला आहेत? उघडून बघितलं तर वरचे दोन कप्पे जवळजवळ रिकामे. एकात रिकाम्या पिशव्या, दुसऱ्यात दोन ओढण्या. आणि कपाटावरचा हंडा, कळशा, सूटकेस, काहीच जागेवर नाही. सगळं पलंगाखाली. माझ्या लक्षात कसं आलं नव्हतं देव जाणे. संचिता म्हणाली, बाबांनी सांगितलंय, जड ते खाली ठेवायचं. दर रविवारी फोन करून विचारतात.

म्हणजे माझ्या पाठीमागे, माझ्या घरात, ठाण्याहून ह्यांचा कारभार चाललेला. आणि पोटुशी पोर त्यापायी जमिनीवर बसतेय. मी सलिलला म्हटलं, उद्या मी ठाण्याला जाऊन येते. तो म्हणाला, आई, भांडू नकोस. मी म्हटलं, मी भांडत नाही, मी समजावून सांगते. तो हसला. माझ्याच पोटचा, त्याला माहीत आहे.

वागळे इस्टेटच्या मागच्या वस्तीत, एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. मी लग्नानंतर पहिल्यांदाच गेले होते, तेही न कळवता. पोपटराव बाहेर गेले होते. आक्कांनी मला खुर्ची दिली आणि पाणी आणायला आत गेल्या. उजवा पाय ओढत चालतात त्या. लग्नातही पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं. वयानं गुडघे जातात, तसं असेल म्हटलं.

बसल्या बसल्या माझी नजर फिरली आणि मी भांडायचं विसरले. त्या घरात सगळं बांधलेलं होतं. कपाट भिंतीला बोल्टनं आवळलेलं. टीव्हीला मागून पट्टा. गॅसच्या सिलिंडरला साखळी. भांड्यांच्या फळीला पुढून आडवी सळई, म्हणजे फळी हलली तरी भांडी खाली येणार नाहीत. पलंगाच्या वर काहीच नाही, ना घड्याळ, ना देवाची तसबीर. दाराजवळ खुंटीवर टॉर्च आणि शिट्टी. शिट्टी कशाला, ते मला नंतर कळलं: कुठे अडकलं तर ओरडून घसा जातो, शिट्टी वाजवता येते.

मी आक्कांना विचारलं, हे सगळं काय? त्या पदराला हात पुसत समोर बसल्या आणि अगदी साधेपणानं सांगायला लागल्या.

एकोणीसशे सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेला मोठा भूकंप झाला, तेव्हा आक्का नऊ वर्षांच्या आणि पोपट चार. पहाटेची वेळ. आधी काही वर्षं बारीक हादरे बसतच होते, लोकांना सवय झाली होती. त्या दिवशी मात्र गावातली दगडमातीची कितीतरी घरं बसली. ह्यांचं बसलं नाही. एक भिंत फुगली, कौलं घसरली, पण घर उभं राहिलं. आई धाकट्याला पोटाशी धरून बाहेर पळाली. आक्कांना उभं राहता येईना, जमीन पायाखाली थांबेना. त्यांनी आधाराला म्हणून हाताला लागली ती भांड्यांची लाकडी मांडणी धरली. मांडणी नुसती भिंतीला टेकवून ठेवलेली होती. वर पाण्यानं भरलेला हंडा. धरली तशी ती सगळीच्या सगळी अंगावर आली.

“घर न्हाई पडलं, बाई,” आक्का म्हणाल्या. “ज्याला धरलं, त्येच पडलं.”

पायाचं हाड नीट बसलंच नाही. लग्न झालं नाही. पण त्याचं त्यांना काही वाटत नाही, असं त्या म्हणाल्या. शिवणकाम शिकल्या, भावाचा संसार केला, पोर वाढवली. पोपटला मात्र ते कायम लागून राहिलं. त्याला आठवतं म्हणे, आक्काला बाहेर काढल्यावर तिच्यासमोर उभं राहून तो मांडणीलाच लाथा मारत होता. चार वर्षांचं पोर.

मी एकतीस वर्षं भूकंप शिकवला हो. नाभी, अपिकेंद्र, भूपट्ट, लहरी. फळ्यावर रंगीत खडूनं बाण काढायचे. कोयनेचं नाव आणि साल तर हमखास परीक्षेला. आणि त्याच सालाचा पाय ओढत एक बाई माझ्या मुलाच्या लग्नात अक्षता वाटत होती, मी तिला साधं विचारलं नव्हतं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पोपटराव आले. मला बघून घाबरले. संचिताला काही झालं का, हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, ती बरी आहे, बसा. आणि मग पहिल्यांदा मी त्यांना नीट विचारलं की तुम्हाला नेमकी भीती कशाची आहे. टिटवाळ्याला मोठा भूकंप झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

ते उठले आणि कोपऱ्यातून पत्र्याचा एक तुकडा घेऊन आले. वहीच्या पानाएवढा, जरा फुगीर. दोन्ही कडांनी धरून हळूहळू दाबायला लागले. मला म्हणाले, बघा. काही होईना. पत्रा इतकुसा वाकत गेला. दाबत राहिले, दाबत राहिले, आणि एकदम ठप्प करून पत्रा उलट्या बाजूला उसळला. मी खुर्चीत दचकले.

“जमिनीचं असंच,” ते म्हणाले. “दाबतंय ते दिसत न्हाई. सुटतंय तेवढंच दिसतं.”

मी मुलांना ताण साठतो, खडक फटीवर सरकतात, ऊर्जा मोकळी होते, हे सगळं सांगायचे, आणि मुलं जांभया द्यायची. हा पत्रा माझ्याकडे असता तर! कोयनेत त्या दाबाला धरणात साठलेल्या पाण्यानंही हातभार लावला असावा असं शास्त्रज्ञ मानतात, ते मी त्यांना सांगितलं. ते त्यांना माहीत होतं. पालघरकडे अधूनमधून जमीन थरथरते, तेही माहीत होतं. कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणूनच आधी बांधून ठेवायचं, एवढं त्यांचं शास्त्र. जमीन सरकली की कपाटाचे पाय जमिनीबरोबर जातात आणि डोकं मागे राहतं. जितका मजला वरचा तितका झोका मोठा. सातवा मजला ऐकून तोंड का उतरलं होतं, ते मला आत्ता कळलं.

मग त्यांनी चपला बघत बघत जे सांगितलं ते मी विसरणार नाही. दुसऱ्या कुणाचं कपाट असतं तर मी गप्प बसलो असतो, म्हणाले. पण हे मी माझ्या हातानं केलंय. माझ्या पोरीच्या उशाला मीच उभं केलंय. रात्री डोळा लागत नाही, आणि तुम्हाला परत विचारायची सोय नाही.

मी उठले. म्हटलं, येत्या रविवारी या. ड्रिल घेऊन या. आणि आक्कांनाही आणा. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी भांडायला आले होते हे त्यांना कधीच कळलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

रविवारी पोपटराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. पिशवीत ड्रिल, बोल्ट, लोखंडी पट्ट्या, खाली अंथरायला जुनं वर्तमानपत्र. मी खोली रिकामी करून ठेवली होती. सलिलनं कपाट पुढे ओढलं. पोपटरावांनी पेन्सिलीनं पिस्त्यावर खूण केली आणि मी दुसरीकडे तोंड फिरवलं. ड्रिल सुरू झालं आणि लगेच थांबलं. फार लवकर थांबलं.

मी वळून बघितलं. भिंतीला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पांढरी भुकटी गळत होती. त्यांनी बोल्ट धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा प्लग घातला, तो जागच्या जागी गरागरा फिरला. बोल्ट हातानं ओढला, प्लगसकट बाहेर आला. चाळीस वर्षं विटांच्या भिंतींचा अंदाज असलेला माणूस; नव्या बिल्डिंगांत भिंतींना हलके, सच्छिद्र ब्लॉक वापरतात हे त्यांनी ऐकलं होतं, पण हाताला कधी लागलं नव्हतं. साडेसहा फुटांचं भरलेलं कपाट त्या भिंतीला साध्या प्लगवर धरणार नव्हतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या नवऱ्याच्या भिंतीचं काय ते संचितानं त्यांना एव्हाना सांगितलं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला राग आला का? आला. पण त्या माणसाच्या हातात तो निघून आलेला प्लग होता, आणि मला एकदम त्या मांडणीला लाथा मारणारं चार वर्षांचं पोर दिसलं. मी विचारलं, मग आता काय करायचं?

त्यांनी सगळ्या भिंती पेरांनी ठोकत फेरी मारली. दाराच्या पलीकडच्या कोपऱ्यात थांबले. तिथे आवाज घट्ट आला. कॉलम होता तिथे, काँक्रीटचा. म्हणाले, इथे धरेल. पलंगापासूनही लांब, आणि आडवं झालंच तर दारही अडणार नाही. पण तोंड पूर्वेला होईल. पूजा केलेलं कपाट हलवायला लागेल. तुमच्या दिशा चुकतील.

मी म्हटलं, दिशा मी एकतीस वर्षं शिकवल्यात, मला नका सांगू. हलवा.

कॉलममध्ये ड्रिल करताना ते देवघरात असल्यासारखे हळू होते. आतल्या सळईला लागलं तर थांबायचं आणि जागा बदलायची, कॉलमला इजा करायची नाही, सगळी बिल्डिंग त्याच्यावर उभी आहे, असं सलिलला समजावत होते. मी त्यांना एका वेळी इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. रबराची बुचं काढली, त्या दोन भोकांतून बोल्ट गेले, पान्यानं आवळले. मग त्यांनी कपाटाला दोन्ही हातांनी धरून सगळा जोर लावून ओढलं. हललं नाही. सलिलनं ओढलं. हललं नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

राहिलं ते पहिलं भोक. मी हॉलमधून आमच्या ह्यांचा फोटो आणला. पोपटरावांना म्हटलं, एवढं तरी धरेल ना इथे? ते म्हणाले, फोटो धरेल, वजन नाही त्याला. त्यांनी भोक बुजवून, सुकवून, पुढच्या रविवारी तिथे नीट खिळा बसवून दिला. पलंगाच्या डोक्यावर येत नव्हता, बाजूला येत होता, ते त्यांनी दोनदा तपासलं. आता सहा वर्षांनी ह्यांचा फोटो त्यांच्या पिस्त्यावर लागला आहे. मला वाटलं होतं भोक पडल्यावर मी रडेन. रडले, पण वेगळ्या कारणानं.

पुढे काय झालं ते ओघानं आलंच. माझं तोंड गप्प बसत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तो पत्र्याचा तुकडा नेऊन सगळ्यांसमोर ठप्प केला. भूकंप आला तर लिफ्टकडे धावायचं नाही, जिन्यात गर्दी करायची नाही, टेबलाखाली शिरून टेबलाचा पाय धरायचा, थांबल्यावर गॅस बंद करून उतरायचं. बाईंचा आवाज अजून शिल्लक आहे, सगळ्यांनी ऐकलं. आता आमच्या बिल्डिंगमधल्या एकोणीस घरांतली कपाटं पोपटरावांनी बांधली आहेत. पहिल्या मजल्यावरचे एक जण किचन मोठं करायला कॉलमचा कोपरा फोडायला निघाले होते. तिथे मात्र पोपटरावांचा आवाज चढला, आणि तो सातव्या मजल्यापर्यंत आला. काम थांबलं. त्या गृहस्थांना दुसऱ्या दिवशी मीही भेटून आले, कसर राहायला नको म्हणून.

सान्वी गेल्या वर्षी झाली. आईसारखी शांत आणि, सलिल म्हणतो, आजीसारखी हट्टी. अजून टिटवाळ्याला काही मोठा भूकंप आलेला नाही, आणि न येवो. कपाटामुळे अमुक जीव वाचला, असा काही चमत्कार माझ्याकडे सांगायला नाही. मला हवाही नाही.

पण गेल्या महिन्यात सगळे जमलो होतो. दुपारची जेवणं झाली होती. बेडरूममध्ये आक्का पलंगावर पाय लांब करून बसलेल्या, मी त्यांच्याजवळ. सान्वी जमिनीवर रांगत रांगत कपाटापाशी गेली. अजून उभी राहत नव्हती. दार उघडंच होतं. तिनं खालच्या कप्प्याची कड धरली, मग त्याच्या वरचा कप्पा धरला, आणि ढुंगण वर करून जोर लावायला लागली. सगळा भार त्या कपाटावर.

मी सवयीनं उठायला गेले. आक्कांनी माझा हात धरला.

“धरू दे तिला,” त्या म्हणाल्या. “ह्ये न्हाई येत अंगावर.”

पोपटराव दारात उभे होते. पोर एकदा डगमगली, परत धरलं, आणि उभी राहिली. कपाट जागचं हललं नाही. तिनं वळून आमच्याकडे बघितलं आणि खुदकन हसली. पोपटराव आत आले, आक्कांच्या त्या वाकड्या पायाशी पलंगावर बसले, आणि त्यावर हात ठेवून नातीकडे बघत राहिले.